मालिकेच्या जागी कबड्डी

संक्रांतीच्या तीळगुळाचा डबा तळाला लागला की औशात मैदानावर कबड्डीच्या रेघांची पांढरी फक्की पडते. मी आता लातूरला असते. औसा काही लांब नाही, एसटीत बसलं की गप्पा संपायच्या आत येतं. पण सामने सुरू झाल्याचं मला हल्ली नवऱ्याच्या फोनवरून कळतं. परवा संध्याकाळी भाकरी थापत होते आणि बाहेरच्या खोलीतून तो दम ऐकू आला, एका श्वासात ओढलेलं ‘कबड्डी कबड्डी’. पिठाच्या हातांनीच बाहेर आले. नवरा फोनवर औशाचे सामने बघत होता, थेट. समोर टीव्हीवर मालिका चालू होती, तिचा आवाज त्यानं बंद केला होता.

‘‘आवाज कशाला बंद केलास?’’ मी विचारलं.

‘‘तू कुठं बघायलीस?’’ तो म्हणाला.

खरंच होतं. मी बघत नव्हते. तरी त्या बिनआवाजाच्या बाईकडे बघत मी उभीच राहिले. ती रडत होती आणि तिच्या रडण्यावर औशाच्या मैदानातली शिट्टी वाजत होती. नवऱ्याला वाटलं मला राग आला. त्यानं घाईघाईनं कानात इयरफोन घातले. आता घरात प्रत्येकाला आपापला पडदा आहे, कुणाला कुणासाठी काही सोडावं लागत नाही. सोय फार झाली आहे. पण तव्यावरची भाकरी करपली आणि मला आत्या आठवली.

आमच्या अण्णांचं औशात केबल होतं. म्हणजे आधी रेडिओ आणि टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, मग गच्चीवर छत्र्या आल्या, माडीवरच्या खोलीत यंत्रं आली आणि अख्ख्या गावाच्या घराघरांत अण्णांची काळी वायर गेली. गावात अण्णांना मान होता तो या वायरीमुळे, आणि शिव्याही होत्या त्या हिच्यामुळेच. पाऊस आला, वानरानं उडी मारली, कुणाच्या वरातीतला ट्रॅक्टर उंच भरला, काहीही झालं तरी लोक आमच्या दारात. अण्णा शिडी खांद्यावर घेऊन निघायचे. कपाळावरचं भस्म घामानं ओघळलेलं, खिशात पक्कड. आई म्हणायची, ‘‘लिंगपूजेला बसलं तरी ह्यांचं ध्यान वायरीतच.’’

दर वर्षी या दिवसांत आठ दिवस, संध्याकाळी, तालुक्याचे कबड्डीचे सामने व्हायचे, दिव्यांच्या उजेडात. एका वर्षी सामने भरवणाऱ्या मंडळाच्या लोकांनी अण्णांना गळ घातली, सामने घरोघरी दिसले पाहिजेत. अण्णांना तर तेच हवं होतं. लग्नाचं शूटिंग करणारा एक कॅमेरा मिळाला, मैदानापासून आमच्या माडीपर्यंत वायर ओढली. अडचण एकच होती. माडीवरची सगळी यंत्रं आधीच कामाला जुंपलेली, एका यंत्रावर एक चॅनल. सामने दाखवायचे तर कुठलं तरी चॅनल आठ दिवस काढून ठेवावं लागणार.

बातम्या काढाव्यात तर चौकातली म्हातारी माणसं अंगावर येणार. सिनेमा काढला तर पोरं रात्रीतून वायर कापणार. भजन-कीर्तनाला हात लावायची अण्णांची छाती नव्हती. राहता राहिलं बायकांचं मालिकांचं चॅनल. मंडळवाल्यांनाही तेच पाहिजे होतं, कारण संध्याकाळी साडेसातला गावातले सगळे टीव्ही त्याच नंबरावर असायचे. बायका बोलतील, पण वायर कापणार नाहीत, एवढा हिशोब करून अण्णांनी ते यंत्र मोकळं केलं. असे हिशोब पुरुष फार सहज करतात आणि बहुतेक वेळा ते बरोबरही येतात.

त्या साडेसातच्या मालिकेत एक बाई होती. तिचं नाव आमच्या गल्लीत कुणी घेत नसे. सगळ्या तिला ‘निळ्या साडीची’ म्हणायच्या. तिचा नवरा कामाला जातो म्हणून गेला होता आणि कित्येक महिने बेपत्ता होता. दुपारी हाच भाग पुन्हा लागायचा, पण आमच्याकडे दुपारी भारनियमन. वीज संध्याकाळी यायची, तेव्हा एकदाच काय ते बघायचं. गल्लीतल्या बायका साडेसातला आमच्या बाहेरच्या खोलीत बसायच्या, कारण केबलवाल्याच्या घरचं चित्र सगळ्यांत स्वच्छ. त्यांच्यात भिंतीला टेकून, गुडघे जवळ घेऊन माझी कस्तुराआत्या बसायची.

आत्या अण्णांची धाकटी बहीण. तिचे यजमान पुण्याकडं कामाला जातो म्हणून गेले ते गेलेच. पहिली दोन वर्षं पत्रं आली. मग तीही बंद. आत्या एक ट्रंक घेऊन माहेरी आली तेव्हा मी दुसरीत होते. घरात त्याबद्दल कुणी बोलायचं नाही, ती स्वतःही नाही. गळ्यात मंगळसूत्र होतं, कपाळाला कुंकू होतं. दिवसभर ती शेंगाची चटणी कुटायची, पापड लाटायची, आईला हाताखाली लागायची. अर्धा तास ती कुणाचं काही ऐकायची नाही, तो हा साडेसातचा. निळ्या साडीची रडली तरी आत्या रडायची नाही. नुसती बघत राहायची. तिच्या शेजारी बसलं तर तिचा श्वास कळायचा.

मी तेव्हा नांदेडला शिकत होते, विष्णुपुरीला होस्टेलवर. घरी काय चाललंय ते मला फोनवर कळायचं. सामन्यांच्या पहिल्याच संध्याकाळी बायकांनी चॅनल लावलं आणि निळ्या साडीच्या जागी मांड्या थोपटणारे दोन पैलवान गडी दिसले. वर शाळेतल्या मास्तरांचं समालोचन, मध्येच ‘मैदानाबाहेर उभी केलेली लाल मोटारसायकल बाजूला घ्यावी’ अशी सूचना. समोरच्या घरातल्या गिरजाकाकू म्हणजे गल्लीचा भोंगा. त्या सगळ्या बायकांना घेऊन थेट माडीचा जिना चढल्या.

‘‘अण्णा, आमची मालिका कामून काढली?’’

‘‘वहिनी, आठच दिवस. गावची पोरं खेळायलीत.’’

‘‘गावची पोरं रोज दारात खेळत्यात. तिचा नवरा आज-उद्या येणार हाय. आला तर आमाला कळावं कसं?’’

अण्णांनी डोकं खाजवलं आणि त्यांना उपाय सुचला, जो फक्त आमच्या अण्णांनाच सुचू शकतो. ‘‘नांदेडला आपली पोरगी हाय की. ती बघंल आन् रोज फोन करून सांगंल.’’

अशा रीतीनं अभियांत्रिकी शिकणारी मी औशाच्या गल्लीची मालिका-वार्ताहर झाले. होस्टेलच्या हॉलमध्ये साडेसातला बसायचं, आठला उठायचं, फाटकाजवळच्या फोनबूथवर जायचं. तिकडे फोन आत्या उचलायची. मी एक वाक्य सांगायचे, ते आत्या मागे वळून मोठ्यानं बायकांना सांगायची. मग पुढचं वाक्य. मालिकेतली माणसं शुद्ध बोलायची, पण आत्याच्या तोंडून ती औशाची व्हायची. मी सांगावं, ‘‘सासू म्हणाली, या घरात तुला काहीही स्थान नाही.’’ तिकडून ऐकू यावं, ‘‘सासू म्हणली, चल नीघ, तुझं हितं काय ठिवलंय?’’ बायका तिकडं हळहळायच्या. मागे टीव्हीवर सामने चालूच असायचे. सासू हाकलून देते आहे आणि मास्तर ओरडतायत, ‘पकड, सुंदर पकड’.

मला त्या फोनची ओढ लागली होती. आज कबूल करायला हरकत नाही, मालिकेपेक्षा मला आत्याचा आवाज आवडायला लागला होता. उभ्या आयुष्यात इतका मोठा आवाज तिनं कधी काढला नव्हता. घरात ती बोलली तरी भांड्याच्या आवाजाखाली जाईल एवढं बोलायची. त्या आठ दिवसांत वीसेक बायका तिच्या तोंडाकडे बघत बसत होत्या. ‘कस्तुरा, पुढं?’ ‘कस्तुरा, मंग?’ दुपारी पाण्याला गेली तरी तिला कालचा भाग पुन्हा सांगावा लागायचा. आई म्हणाली होती, ‘‘तुझी आत्या आजकाल गुणगुणायली.’’

सहाव्या दिवशी होस्टेलच्या हॉलमध्ये क्रिकेटचा सामना लागला. भारताचा. मालिका की सामना असं मुलींनी हात वर करून ठरवलं. सगळे हात सामन्याच्या बाजूनं गेले. माझाही. मला वाटलं होतं, मध्ये जाहिराती लागल्या की जरा चॅनल फिरवून बघू. शेवटच्या षटकांत कोण चॅनल फिरवू देतंय? सामना संपला तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. मी धावत बूथवर गेले. तिकडे फोन पहिल्याच घंटेला उचलला गेला.

‘‘लई उशीर केलास गं. सगळ्या बसल्यात. सांग.’’

बघितलं नाही असं सांगायला एक क्षण लागला असता. तेवढं धाडस झालं नाही. मी घसा खाकरला आणि सांगायला लागले.

‘‘आज तो आला.’’

‘‘आलाऽ गं बाई, आला,’’ आत्यानं मागे सांगितलं. तिकडे गलका झाला.

मी सांगत गेले. संध्याकाळची वेळ आहे, ती दिवा लावतीय. दारावर थाप पडली. तिनं खिडकीतून बघितलं तर हा. वाळलाय, दाढी वाढलीय. ती दाराशी गेली, पण कडी काढली नाही. तो बाहेरून म्हणाला, चुकलं माझं. तुझं काही चुकलं नव्हतं, घरच्यांचंही नव्हतं, माझंच चुकलं. दार नाही उघडलंस तरी चालंल. एवढं सांगायला आलतो. मग तो पायरीवर बसून राहिला.

पहिली दोन वाक्यं आत्यानं मागे सांगितली. मग ती सांगेनाशी झाली. मी ‘हॅलो, हॅलो’ करत राहिले. मागून गिरजाकाकूंचा आवाज आला, ‘‘कस्तुरा, काय झालं? मेला का काय त्यो?’’ मग आत्यानं सगळं एका दमात सांगितलं, मी सांगितलं होतं तसंच्या तसं. पहिल्यांदाच तिनं एक शब्दसुद्धा बदलला नाही. नंतर फोन जवळ घेऊन हळू आवाजात मला विचारलं,

‘‘मंग तिनं दार उघडलं का?’’

मला भूक लागली होती, मेस बंद व्हायची वेळ झाली होती. ‘‘ते उद्या दाखवणारेत,’’ मी म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशीच्या खऱ्या भागात नवऱ्याचा पत्ताच नव्हता. मग आठवलं की मालिकेत काहीही निस्तरायला एक हुकमी उपाय असतो. मी फोनवर सांगितलं, ‘‘आत्या, कालचं ते तिचं स्वप्न होतं.’’ आत्या मागे वळून म्हणाली, ‘‘सपन होतं म्हणं.’’ बायकांनी उसासे टाकले. आठव्या दिवशी कबड्डीचा अंतिम सामना झाला, अण्णांनी यंत्र पुन्हा मालिकेला जोडलं आणि माझी नोकरी संपली. मी सुटले असं मला वाटलं.

नंतर कितीतरी वर्षं गेली. अण्णांच्या गच्चीवरच्या छत्र्यांना गंज चढला, घरोघरी आपापल्या लहान छत्र्या आल्या, वायर भंगारात गेली. अण्णा गेले. माझं लग्न होऊन मी लातूरला आले. ती मालिका कशी संपली ते मला आठवत नाही, बहुधा कुणालाच आठवत नसेल. पण दर वर्षी सामन्यांच्या दिवसांत मी औशाला गेले किंवा आत्या माझ्याकडे आली की कधीतरी, शेंगा फोडताना, ज्वारी निवडताना, ती हळूच विचारायची, ‘‘त्या दिशी तिनं दार उघडलं का गं?’’

मला वाटायचं, ती माझी चोरी पकडून चिडवते आहे. मी लाजायचे, विषय बदलायचे. गेल्या हिवाळ्यात ती डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे होती. डोळ्यावर हिरवी पट्टी, संध्याकाळची वेळ, बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज. मी तिला भात भरवत होते. घास गिळून ती म्हणाली, ‘‘आता तरी सांग की. दार उघडलं का न्हाई?’’

मी हसले. ‘‘आत्या, आता किती वर्षं लाजवणार हैस मला?’’

तीही हसली. ‘‘ऱ्हाऊ दे,’’ म्हणाली आणि पाणी मागितलं.

आषाढात आत्या गेली. झोपेतच गेली, कुणाला तकलीफ दिली नाही. औशाच्या घरात माणसं येत होती, जात होती. तिसऱ्या दिवशी गिरजाकाकू आल्या. आता त्यांचा भोंगा बसला आहे, काठी टेकत येतात. माझ्याजवळ बसल्या आणि पदर सावरला. मग म्हणाल्या, ‘‘पोरी, एक गोष्ट माझ्या पोटात हाय. कस्तुरा तुला कधी बोलली नसंल. तुला सांगते.’’

त्यांनी सांगितलं ते असं. त्या वर्षी सामने संपल्यावर रथसप्तमीचं हळदीकुंकू त्यांच्या घरी होतं. उदगीरहून त्यांची भाची आली होती, तिनं तिकडे मालिकेचे सगळे भाग बघितलेले. गोष्ट निघाली तेव्हा ती म्हणाली, नवरा आला नव्हता आणि असलं काही स्वप्नही दाखवलं नव्हतं. सगळ्या बायका आत्याकडे बघायला लागल्या. आत्यानं खाली मान घालून सांगितलं, ‘‘पोरीचा आवाज त्या दिशी फोनवर ऐकूच आला न्हाई. तुमी बसला होता म्हणून मीच मनानं रचलं.’’

‘‘आन् मी लई वाईट बोलले बाई,’’ गिरजाकाकू म्हणाल्या. ‘‘वीस बायांच्या म्होरं म्हणले, नवऱ्याची वाट बघून बघून हिलाच सपनं पडायलीत. समद्या हसल्या. ती वाण घेऊन उठून गेली. मंग गल्लीत ते बोलणंच झालं. कुणी दार वाजवलं की पोरीसोरी म्हणायच्या, कस्तुराआत्या, बघा, आले का.’’

मी विचारलं, ‘‘काकू, खरं काय ते तिनं तुम्हाला कधी सांगितलं का?’’

‘‘दोन-तीन सालानं सांगितलं. मी माफी मागाया गेलते, तवा. म्हणली, पोरगी खोटं सांगायली ते मला तवाच कळलं होतं. टीव्हीवरला माणूस इतकं साधं बोलत न्हाई. तिचं नाव सांगितलं असतं तर तिला बोलला असता तुमी, ती शिकायली तिकडं. मला काय, मला सवय हाय.’’

गिरजाकाकू गेल्यावर मी आत्याच्या खोलीत जाऊन बसले. रडू येत नव्हतं. राग येत होता, तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. काकूंवर काढून उपयोग नव्हता. माझ्या एका हात वर करण्यानं, एका भुकेच्या घाईनं, ज्या घावाला घरात कुणी कधी बोट लावलं नव्हतं तो मी भर हळदीकुंकवात उघडा करून ठेवला होता. आणि त्यावर वर्षानुवर्षं मी लाजले काय ते एका थापेसाठी.

तो सगळा प्रसंग मला तेव्हा कुठून सुचला, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. मला वाटायचं, आला तोंडात आणि सांगितला. पण लहानपणी मी पायरीवर बसून आत्याच्या यजमानांची वाट बघायचे, हे खरं आहे. ते आले तर काय बोलतील ते मनात जुळवायचे. बूथवर घाईत मी तेच काढून दिलं असणार. मी ते ओळखलं नाही, पण तिनं ओळखलं. म्हणून तर त्या रात्री फोनवर ती मध्येच थांबली होती.

खऱ्या मालिकेचे सगळे भाग आता फोनवर मिळतात म्हणे. मला त्यांचं काही नाही. सहाव्या दिवसाच्या त्या भागाचा पुढचा भाग माझ्याशिवाय कुणाकडेच नव्हता, हे आत्याला ठाऊक होतं. म्हणून ती इतकी वर्षं मलाच विचारत राहिली. चिडवत नव्हती ती, ऐकायला बसली होती. आणि मी दर वेळी हसून उठून गेले.

परवापासून, नवरा सामने बघत बसला की मी तो भाग जुळवायचा प्रयत्न करते. एकदा तिनं दार उघडलं आणि म्हणाली, जेवलात का. एकदा उघडलं नाही, दिवा मोठा केला आणि आपली भाकरी खाऊन झोपली. दोन्ही खरे वाटतात. मी दोन्ही भाग तिला सांगितले असते, तिनं पुन्हा आपल्या भाषेत घोळवून मला ऐकवले असते. पण खरी गोष्ट काल रात्री भांडी घासताना माझ्या लक्षात आली. तिनं मला एवढ्या वेळा विचारलं, आणि मी तिला एकदाही उलटं विचारलं नाही, की आत्या, तू असतीस तर उघडलं असतंस का?